यादीतलं सातवं कलम

"देवाला नोटीस लागते काय वो?"

बाहेरच्या बाकावर बसलेल्या एका गृहस्थांनी शिवलकरकाकांना विचारलं. मी आतल्या खोलीत दाराआड बसून फायलींना दोरा बांधत होते. शिवलकरकाका आमच्या सरांचे टायपिस्ट आणि कारकून. त्यांनी टाइपरायटर थांबवलाही नाही.

"लागते तर. पत्ता तेवढा पिनकोडसकट द्या."

"चेष्टा नको हो. आमचं लग्न देवान मोडलान."

"तुमचं?"

"माझं आता कसलं मोडतंय, पंचवीस वर्षं झाली त्याला. पुतणीचं म्हणतोय मी."

टाइपरायटर थांबला. शिवलकरकाकांनी आत मान वळवली आणि मला हाक मारली, "बाय, तुझी केस आलीय."

'माझी केस' म्हणजे मोडलेला साखरपुडा. या अंकासाठी वकिलीतले अनुभव लिहा असं मला सांगण्यात आलं, तेव्हा सांगणाऱ्यांच्या मनात खून, दरोडे, निदान हद्दीवरून झालेली कोयताबाजी तरी असणार. तसलं सगळं सरांकडे असायचं. मी १९९८ साली सनद घेऊन रत्नागिरीत परत आले आणि सरांकडे ज्युनिअर म्हणून बसू लागले. जमलेलं लग्न मोडल्याची प्रकरणं त्यांनी एकेक करून माझ्याकडे सरकवली. मुली बाईमाणसाशी मोकळेपणी बोलतील, असा त्यांचा हिशेब होता. मुली बोलायच्या नाहीत. मीही बोलायचे नाही. आम्ही समोरासमोर बसून चहा प्यायचो.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, कायद्याचं शिक्षण मुंबईत, तेही इंग्रजीतच. रत्नागिरीच्या कोर्टात मात्र दावे मराठीत चालतात आणि त्या मराठीचा आमच्या घरच्या मराठीशी फारसा संबंध नाही. 'सबब', 'येणेप्रमाणे', 'मजकूर इसम' हे सगळं मी शिवलकरकाकांच्या जुन्या कार्बन कॉप्यांवरून शिकले. मी लिहिलेली पहिली नोटीस सरांनी दोनदा वाचली आणि म्हणाले, "ही वाचून समोरचा घाबरणार नाही. आभाराचं पत्र पाठवेल."

शिवाय माझा आवाज. कोर्टात उभी राहिले की न्यायाधीश शांतपणे म्हणायचे, "मॅडम, निदान स्टेनोपर्यंत तरी पोचू द्या." त्यामुळे मी चिठ्ठ्या लिहायला लागले. सर युक्तिवाद करत असले, अशिलाशी बोलत असले, की मला सुचलेलं मी चिठ्ठीवर लिहून त्यांच्यापुढे सरकवायची. पाचातल्या दोन ते वाचायचे. उरलेल्या तिन्हींवर काय लिहिलं होतं हे मला अजून आठवतं.

लोक येतात ते एकच प्रश्न घेऊन. साखरपुडा झाला, हॉल ठरला, पत्रिका छापल्या आणि समोरच्यांनी नाही म्हटलं. आता त्यांना लग्न करायला लावता येईल का? नाही. कुठलंही कोर्ट कुणालाही बोहल्यावर उभं करू शकत नाही, आणि ते बरंच आहे. पण दोघांनी एकमेकांना लग्नाचं वचन दिलं असेल तर कायद्याच्या नजरेत तो करार ठरतो. तो मोडणाऱ्याकडून झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते. त्यासाठी दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. लग्न होणार म्हणून दिलेली अंगठी, साड्या, दागिने परत मागता येतात. पहिल्या दिवसापासून लग्न करायचंच नव्हतं, नुसतं झुलवलं, असं दाखवता आलं तर फसवणुकीची फिर्याद होते; पण ते दाखवणं फार अवघड, कारण मनात काय होतं ते साखरपुड्याच्या फोटोत दिसत नाही. नोटीस गेल्यावर दहांतली सात प्रकरणं मिटतात. लोकांना भरपाईपेक्षाही चूक आपली नव्हती हे कुणीतरी लेटरहेडवर लिहून द्यायला हवं असतं.

काही अशील विसरता येत नाहीत. एक तरुण आला होता. त्याला मुलीकडून त्याची बेचाळीस प्रेमपत्रं परत हवी होती.

"बेचाळीसच कशावरून?" मी विचारलं.

त्याने पिशवीतून गठ्ठा काढला. "प्रत्येकाची झेरॉक्स आहे ना."

मग मूळ पत्रं कशाला हवीत, असं विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. मी विचारलं नाही. नोटीस पाठवली. बेचाळीस पत्रं परत आली, शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनाने सुधारून. मुलगी डी.एड. करत होती.

पण मला सांगायचं आहे ते देवाने मोडलेल्या लग्नाबद्दल.

बाकावरचे गृहस्थ पालीजवळच्या एका गावातले, सावंत. त्यांच्याबरोबर त्यांचे थोरले भाऊ वसंतराव आले होते. हापूसची मोठी बाग, गावात मान, आणि आंब्याच्या ऐन दिवसांत बाग सोडून वकिलाकडे यावं लागल्याचा राग. त्यांच्या मागे त्यांची मुलगी सुवर्णा. ती एका खाजगी शाळेत पाचवी-सहावीला गणित शिकवायची. माझ्याच वयाची असेल. तिने खुर्ची घेतली ती माझ्या शेजारची, भिंतीकडेची. मी एकटी असते तर मीही तीच घेतली असती.

मुलगा हेदवीच्या पलीकडल्या एका गावचा, भाटकरांचा, बोटीवर नोकरीला. जानेवारीत सुट्टीवर आला, साखरपुडा करून पुन्हा बोटीवर गेला. लग्न मेमध्ये. मार्चमध्ये शिमगा झाला, मुलाच्या गावात पालखी फिरली आणि भाटकरांनी देवाला कौल लावला. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, देवाच्या मूर्तीला फुलं किंवा पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारतात. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. डावी पडली. चौथ्या दिवशी भाटकरांचा निरोप आला की देवाची मर्जी नाही, आमचा नाइलाज आहे.

"साखरपुड्याच्या आधी काय देव झोपला होता काय?" धाकटे सावंत म्हणाले. "आणि त्या दिवशी वारा किती! आमचे आंब्याचे दोन ट्रे उडाले मांडवातले. पाकळी टिकते काय त्यात?"

सर खुशीत आले. त्यांना असल्या गोष्टी आवडायच्या. "कायद्याने देव व्यक्ती आहे, सावंत. त्याच्या नावावर जमीन असते, तो दावा लावतो, त्याच्यावर दावा लागतो. प्रतिवादी नंबर दोन करू आपण त्याला. अडचण एवढीच की समन्स घेऊन बेलिफ गाभाऱ्यात जाणार आणि गुरव त्याला चपला काढायला लावणार."

सुवर्णा हसली नाही. मीही हसले नाही, पण ते तिच्याकडे बघून. एरवी हसले असते.

मग वसंतरावांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून, वर्तमानपत्रात गुंडाळलेली यादी काढली. आमच्याकडे लग्न ठरलं की दोन्हीकडची मंडळी बैठकीला बसतात आणि कागदावर सगळं लिहून काढतात. कुणी काय द्यायचं, मानपान कुणाचा किती, माणसं किती आणायची. कागदाला कुंकू लावतात आणि खाली दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या सह्या. वकिलाला यापेक्षा सुंदर पुरावा मिळत नाही. सरांनी ती दोन्ही हातांत धरून वाचली. तिसऱ्या कलमाशी थांबले.

"वसंतराव, हे काय? वरास मोटारसायकल?"

"द्यायचीच होती. आम्ही मागे हटलो नसतो," वसंतराव अभिमानाने म्हणाले.

"हा कागद मी कोर्टात दिला तर आत कोण जाईल?"

"ते!"

"ते जातील. पण तुम्ही त्यांच्या शेजारी बसाल. हुंडा घेणं हा गुन्हा, तसा देणं आणि ठरवणं हाही गुन्हाच."

वसंतराव यादीकडे असे बघू लागले की जणू तिच्यातून काहीतरी चावायला येणार आहे. धाकट्यांनी हळूच विचारलं, "तेवढा तुकडा फाडला तर?" शिवलकरकाका बाहेरून ओरडले, "मग तिसऱ्या कलमाच्या जागी भोक दिसेल!"

ही चूक आमच्याकडे सगळे करतात. हुंडा लपवायचा असतो हे साऱ्यांना माहीत आहे, पण यादीत लिहिल्याशिवाय लग्न ठरल्यासारखं वाटत नाही.

मी सरांच्या खांद्यामागून वाचत होते. अकरा कलमं होती. त्यांतल्या दहा कलमांपुढे वस्तू किंवा आकडा होता. सातव्यापुढे काहीच नव्हतं: 'मुलीने लग्नापूर्वी नोकरी सोडावयाची.'

"सोडली?" सरांनी विचारलं.

"जानेवारीतच राजीनामा दिला," वसंतराव म्हणाले. "मीच मजकूर सांगितला, हिने लिहिला. सही केलीन. तीन महिन्यांची मुदत असते त्यांच्यात. तीस एप्रिलला संपते."

सरांनी यादी टेबलावर ठेवली. "हे आपलं मुख्य कलम. हॉलचा खर्च, पत्रिकांचा खर्च, यात काही दम नाही. पण भाटकरांच्या सांगण्यावरून मुलीने कायम नोकरी सोडली आणि त्यांनीच लग्न मोडलं, हे नुकसान खरं. यावर दावा उभा राहतो."

ते बरोबरच बोलत होते. सगळ्यांचे चेहरे उजळले. घालवलेल्या नोकरीला अचानक किंमत आली होती. सुवर्णा तेवढी स्वतःच्या हातांकडे बघत होती. शाईचा एक डाग होता बोटाला, तो ती अंगठ्याने घासत होती.

मार्चचे शेवटचे दिवस होते ते. तीस एप्रिलला महिना अवकाश होता. मी चिठ्ठी लिहिली: 'नोकरी अजून गेलेली नाही. राजीनामा मागे घेता येईल का?' आणि ती सरांपुढे सरकवली. तेवढ्यात चहा आला. धाकट्या सावंतांनी आपला कप त्याच चिठ्ठीवर ठेवला.

मी पुन्हा लिहिली नाही. तोंडाने तर नाहीच बोलले. सरांना माझ्यापेक्षा तीस वर्षांचा जास्त अनुभव होता. त्यांनी काहीतरी विचार केला असेलच, असं मी स्वतःला सांगितलं. आजवरच्या वकिलीत मला खरी खंत आहे ती या गप्प बसण्याची. त्या महिन्याभरात सुवर्णाने शाळेतलं कपाट रिकामं केलं. अपूर्णांकांचे तिने स्वतः बनवलेले तक्ते दुसऱ्या बाईंना देऊन टाकले. मला हे नंतर कळलं.

नोटीस गेली, मजकूर माझा आणि दरारा शिवलकरकाकांचा. उत्तर भाटकरांच्या वकिलांकडून आलं: 'आमचे अशिलास सदरहू विवाह मनापासून मान्य होता, तथापि दैवी इच्छेपुढे आमचे अशील हतबल आहेत.' सरांनी ते बार रूममध्ये मोठ्याने वाचून दाखवलं आणि दोन दिवस तिथे कुणाला काम नको असलं की तो 'दैवी इच्छेपुढे हतबल' होत होता.

एप्रिल संपायला चार दिवस उरले असताना सरांनी दोन्ही बाजूंना ऑफिसात बोलावलं. दावा लावण्याआधी एकदा समोरासमोर बसवायची त्यांची पद्धत होती. मुलाचे वडील भाटकर एकटेच आले. उंच, उन्हाने रापलेले, स्वतःही बोटीवर आयुष्य काढलेले. आल्याबरोबर त्यांनी सावंतांनी दिलेली अंगठी आणि मानपानाच्या साड्यांची पेटी टेबलावर ठेवली. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण साड्यांमध्ये त्यांनी डांबरगोळ्या घालून ठेवल्या होत्या.

"कौल कुणी लावला?" सरांनी विचारलं.

"गुरवाने. सगळा गाव होता."

"विचारलं काय?"

"विचारलं की... हे लग्न याच वर्षी करावं काय."

"म्हणजे देव याच वर्षी नको म्हणाला! पुढच्या वर्षाचं तुम्ही परस्पर ठरवलंत?"

धाकट्या सावंतांनी मांडीवर थाप मारली. "आता बोला! देवाच्या तोंडात शब्द घातलेत तुम्ही!"

"आम्ही काही घातलं नाय."

"मग पनवेलची कोण ती? फ्लॅटवाली? ती काय देवाने धाडली?"

भाटकर लाल झाले. पनवेलचं स्थळ आहे हे आमच्याकडे कुणालाच नक्की माहीत नव्हतं. सावंतांनी अंधारात दगड मारला होता आणि तो लागला होता. वसंतराव उठून खिडकीपाशी गेले आणि बराच वेळ बाहेर बघत राहिले. मोठ्याने ओरडले असते तर बरं, असं मला वाटलं.

त्यानंतर सगळं पटापट मिटत गेलं. मोटारसायकलीचं कलम दोघांनी मिळून विसरायचं ठरवलं. हॉलचं आणि पत्रिकांचं भाटकरांनी मान्य केलं. अडलं ते सातव्याशी. सर तीन वर्षांच्या पगारावर होते, भाटकर सहा महिन्यांवर. दोघेही तयारीचे. आकडे टेबलावरून इकडून तिकडे जात होते आणि जिच्या नोकरीचे ते आकडे होते ती माझ्या शेजारी बसली होती.

सुवर्णाने घड्याळाकडे पाहिलं. मी पुसटसं विचारलं, "जायचंय?"

"चार वाजता शाळेत निरोप समारंभ आहे," ती तेवढ्याच पुसट आवाजात म्हणाली. "माझा. सहावीची मुलं गाणं म्हणणार आहेत."

"अरे वा."

"मला नकोय ते."

"गाणं?"

"निरोप."

नंतर ती जे बोलली ते मला नव्हतं, स्वतःलाच असावं. "अपूर्णांक अर्धेच झालेत त्यांचे."

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, कारण वाचणाऱ्याला टांगून ठेवायला मला आवडत नाही. राजीनामा ज्या दिवसापासून लागू व्हायचा त्याच्या आधी लेखी मागे घेतला तर तो मागे घेतला जातो. वरिष्ठ न्यायालयांनी हे पूर्वीच सांगून ठेवलं आहे. संस्थेचे अध्यक्ष दोन दिवस कुरकुरले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, चला, जाहिरातीचा खर्च वाचला. निरोप समारंभ त्या दुपारी झालाच, कारण बटाटेवडे सांगून झाले होते. मुख्याध्यापकांनी भाषणाचा शेवट तेवढा बदलला. मुलांनी गाणं पूर्ण म्हटलं, रडायला ठरवलेल्या ठिकाणी रडलीही, आणि नंतर कळलं की बाई कुठेच जात नाहीत, तेव्हा दोघांनी तक्रार केली. तक्ते परत मिळाले. सुवर्णा अजून तिथेच शिकवते. तिचं लग्न झालं का, असं मला ही गोष्ट ऐकणारे सगळे विचारतात. ते तिचं तिने सांगावं.

दाव्याचं म्हणाल तर सातवं कलम गळाल्यावर दावाच उरला नाही. बाकीचं त्याच टेबलावर मिटलं. ज्याचं नुकसान होतंय त्यानेही ते कमी करायची खटपट केली पाहिजे, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. सरांना ते माझ्याआधी पाठ होतं. सरांनी मला घरी जाताना विचारलं, "हे मार्चमध्ये का नाही सांगितलंत?" मी चिठ्ठीचं बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून माझी खुर्ची भिंतीकडून त्यांच्या टेबलाशी आली.

पण त्या क्षणी यातलं काहीच झालेलं नव्हतं. सर दोन वर्षांवर उतरले होते, भाटकर एकावर चढले होते, वसंतराव खिडकीत होते. आता थोड्याच वेळात दोघे दीडवर भेटणार आणि सगळे हात जोडून उठणार हे मला दिसत होतं. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी सवयीने चिठ्ठीचा कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि लक्षात आलं की टेबलावर पाच चहाचे कप आहेत.

मी उभी राहिले. खुर्ची भिंतीला लागली आणि तिचा आवाज माझ्या आजवरच्या सगळ्या युक्तिवादांपेक्षा मोठा झाला. सर्वांनी वळून पाहिलं. बाहेर टाइपरायटरही थांबला. डोक्यात सगळं इंग्रजीत तयार होतं, कलमांसकट, आणि त्यातला एक शब्दही त्या खोलीत कुणाच्या उपयोगाचा नव्हता. मी सरांकडे बघितलं नाही, भाटकरांकडेही नाही. तो कोरा कागद मी सुवर्णापुढे ठेवला.

"सुवर्णाताई," मी म्हणाले, आणि शिवलकरकाका सांगतात की ते त्यांना बाहेर स्पष्ट ऐकू आलं, "नोकरी गेलेली नाही. तीस तारखेपर्यंत ती तुमचीच आहे. राजीनाम्यावर सही तुमची होती, तो मागे घ्यायलाही तुमचीच लागते. बाबांची नको, सरांची नको. पोस्टातली रजिस्टरची खिडकी तीनला बंद होते. मी मजकूर सांगत नाही, तुमच्या शब्दांत लिहा. हे घ्या पेन."